फुंकर मारायला तीनदा पुण्याला

साताऱ्याहून पहाटेची एसटी, उपाशी पोट, स्वारगेटहून रिक्षा. जठरातला जंतू गेला का ते बघायच्या श्वासाच्या तपासणीचे पैसे भरले, पावती घेतली, तासभर बसले. शेवटी आतल्या मुलाने फुंकायची पिशवी हातात दिली आणि सहज विचारलं, "काकू, ॲसिडिटीची गोळी बंद आहे ना?"

म्हटलं, "छे, सकाळीच घेतली की घोटभर पाण्याबरोबर."

त्याने पिशवी परत घेतली.

मागचं थोडक्यात सांगते. हिमोग्लोबिन ८ वर आलं होतं आणि लोहाच्या गोळ्यांनी ढिम्म हलत नव्हतं, म्हणून पोटात दुर्बीण घातली. दुर्बिणीला घाबरू नका, घशात फवारा मारतात, पाच-सात मिनिटांचं काम. जठरात चार पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेले कोंब, निघाले. त्यातला मोठा, रक्त झिरपणारा, काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही, पण सगळे माझ्याशी फार गोड बोलत होते. रिपोर्टात 'हायपरप्लास्टिक पॉलिप', म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि खाली एच. पायलोरी या जंतूचं नाव. डॉक्टर म्हणाले, हा जंतू वर्षानुवर्षं अस्तराला सूज आणतो, अस्तर स्वतःची डागडुजी करत राहतं आणि कुठे कुठे ती जास्तच होते, तो हा कोंब. जंतू गेला तर लहान कोंब बऱ्याचदा आपोआप विरतात.

चौदा दिवस चार औषधं घेतली. तोंडाला सतत तांब्याचा चमचा चोखल्यासारखी चव. पण निभावलं. खरी रखडपट्टी पुढे, जंतू गेला की नाही हे बघण्यात.

त्यासाठी श्वासाची तपासणी. आधी एका पिशवीत फुंकायचं, मग युरिया घातलेलं पाणी प्यायचं, अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. जंतू असला तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खुणेचा, म्हणजे मशीनला वेगळा ओळखता येणारा, कार्बन श्वासातून बाहेर येतो. ही तपासणी औषधं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी करतात, ते मी पाळलं होतं. पण ॲसिडिटीची गोळीही दोन आठवडे आधी बंद लागते. ती चालू असली की जंतू दबून बसतो आणि असूनही रिपोर्ट 'नाही' असा येतो. हे मला त्या पिशवीवाल्या मुलाने सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी दिलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं: 'सहा तास उपाशी.' मी त्यांना म्हटलं, एक ओळ वाढवा की हो. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलं असेल ना." डॉक्टरांना फोन केला तर, "तिथे सांगतात ना."

गोळी बंद केल्यावरचे ते पंधरा दिवस! आधी होती त्याच्या दुप्पट जळजळ. रात्री दोन उशा लावून बसूनच झोपायचे. डॉक्टरांनी पातळ अँटासिड चालेल म्हटलं, तेही तपासणीच्या आदल्या दिवशी बंद. हे आधी विचारून घ्या, मी आठ दिवस उगाच सोसलं.

दुसऱ्यांदा गेले. तोच मुलगा. या वेळी मीच आधी म्हटलं, गोळी बंद आहे बरं का. तो म्हणाला, "आणि महिन्याभरात अँटिबायोटिक?" दहा दिवसांपूर्वी दाढ दुखली म्हणून दंतवैद्यांनी पाच दिवसांचा कोर्स दिला होता. दाढेचा आणि जठराचा संबंध माझ्या डोक्यातही आला नव्हता. पुन्हा चार आठवडे. परतीच्या गाडीत मी ह्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही, त्यांचा काही दोष नसताना.

या जंतूमुळे जठराला सूज येते हे पटवायला बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन दाखवला. २००५ साली रॉबिन वॉरन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. मला त्याच जंतूसाठी नुसतं फुंकायला तीन खेपा.

तिसऱ्या खेपेला फुंकले. जंतू नाही! सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण: उरलेल्या तिनांतले दोन गायब, तिसरा बारीक झालेला. हिमोग्लोबिन साडेअकरा.

नंतर कळलं की शौचाच्या नमुन्यावरही हा जंतू तपासता येतो आणि नमुना आमच्या साताऱ्यातच घेतात. गोळ्यांचे नियम तेच, पण एसटी वाचली असती. रक्ततपासणीवर मात्र जाऊ नका, जंतू मेल्यावरही ती बरेच महिने 'आहे' म्हणत राहते.

आणि पॉलिप म्हटलं की जंतूच, असंही नाही. माझ्या नणंदेच्या यजमानांना निघाले ते वेगळ्या जातीचे, वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेऊन होतात तसले. जंतू नव्हताच. ते माझी औषधांची चिठ्ठी मागत होते, मी दिली नाही.

हो, जंतूची ती चार औषधं चालू असताना शौच काळं होतं, ते त्यातल्या बिस्मथमुळे. मी घाबरून रात्री अकराला डॉक्टरांना उठवलं होतं. आणि त्यातलंच अँटिबायोटिक, टेट्रासायक्लिन, दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. मी पहिले तीन दिवस दुधाबरोबरच घेत होते.