शनिवारवाडा ते विश्रामबागवाडा: गाडीने पाऊण तास, पायी पंधरा मिनिटं

पेशव्यांचं पुणे बघायला निघाला असाल तर स्टेशनबाहेरच्या गाडीवाल्याकडून 'पूर्ण पुणे दर्शन' घेऊ नका. आम्ही घेतलं आणि आमचा अख्खा दिवस वाया गेला.

मार्चच्या शेवटी मी आणि माझा मावसभाऊ सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसने निघालो आणि साडेदहाच्या सुमाराला पुण्यात उतरलो. हातात दोन दिवस होते. बाहेर पडतो न पडतो तोच एकाने गाठलं. आठ ठिकाणं, एसी गाडी, अठराशे रुपये. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय, सारसबाग, पर्वती, आगाखान पॅलेस अशी आठही नावं त्याने लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे लिहून दिली. एवढं लिहून देतोय म्हटल्यावर माणूस व्यवहाराला चोख असणार, असं आम्ही धरून चाललो.

संध्याकाळी त्या पाकिटावर आठ खुणा झालेल्या होत्या आणि आमच्या खिशातून तेवीसशे गेले होते. अठराशे ठरलेले, तीनशे पार्किंगचे, दोनशे 'वेटिंग'चे. आठांपैकी आत पाऊल टाकलं ते तीनच ठिकाणी. शनिवारवाड्यापाशी म्हणाला, "आत काही नाही हो, नुसते चबुतरे. बाहेरून फोटो काढा." विश्रामबागवाड्यासमोर गाडी थांबवता येत नाही म्हणाला. पर्वतीला तर कमालच केली. सारसबागेच्या कोपऱ्यावर काच खाली करून बोट दाखवलं, "ती बघा पर्वती, पायऱ्यांचं काम चालू आहे, वर सोडत नाहीत," आणि पाकिटावर खूण केली. पायऱ्यांचं काही काम चालू नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच पायऱ्यांवर आम्ही उभे होतो आणि शेजारून सत्तरीच्या आजी चप्पल हातात घेऊन झपाझप वर चालल्या होत्या. मला खरा राग तेव्हा आला.

गाडी या भागात का निरुपयोगी आहे ते समजून घ्या. जुन्या पेठांतून उभे जाणारे दोन मोठे रस्ते म्हणजे शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता. दोन्ही एकेरी, एक जायचा आणि दुसरा यायचा. त्यामुळे हाकेच्या अंतरावरच्या वाड्याला जायलाही गाडीला सगळा वळसा घालावा लागतो, वर सिग्नल, वर लक्ष्मी रस्त्याची गर्दी. शनिवारवाड्याहून विश्रामबागवाड्यासमोर यायला आम्हाला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी तेच अंतर अप्पा बळवंत चौकातून पायी गेलो, रेंगाळत, पुस्तकांची दुकानं बघत, तरी पंधरा मिनिटांत पोचलो. पेशवाईचं पुणे एवढंसंच आहे. ते चालण्यासाठीच आहे.

तेव्हा असं करा. स्टेशनहून मेट्रो धरा, जिल्हा न्यायालयाला उतरून भुयारी मार्गिकेवर या आणि पुढच्याच कसबा पेठ स्थानकाला बाहेर पडा. तिकीट दोन आकड्यांतच राहतं. जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्थानक खूप खोल आहे, सरकते जिने एकामागून एक येत राहतात, पाच-सात मिनिटं त्यात जातात. कसबा पेठेतून आधी कसबा गणपती, मग लाल महाल, मग शनिवारवाडा. सगळं पायी, आणि सकाळी. शनिवारवाड्यात सावली जवळजवळ नाही. अकरानंतर मार्चमध्येसुद्धा त्या दगडांवर उभं राहवत नाही.

लाल महालाला वीस मिनिटं पुरेत. शिवरायांचं बालपण गेलं तो मूळ वाडा कधीच नामशेष झाला. आज दिसते ती महापालिकेने उभारलेली अलीकडची वास्तू आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शायिस्तेखानाची बोटं तुटली ती खिडकी शोधत बसू नका.

शनिवारवाड्याला मात्र दोन तास द्या. आत चबुतरे आहेत हे गाडीवाल्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे, पण त्यावरून न जाण्याचा सल्ला देणं ही लबाडी आहे. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या आगीत, सात दिवस जळत राहून, आतले लाकडी महाल गेले. उरले ते तट, बुरूज आणि दरवाजे. तेच बघा. आधी दिल्ली दरवाजासमोर उभे राहा. दरवाजाच्या एकेका कवाडावर नऊ गुणिले आठ असे बहात्तर अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीने धडक द्यायची म्हटली तर बरोबर त्याच्या कपाळावर येतील एवढ्या उंचीवर. मी एका खिळ्याच्या बुडाला बोट लावून बघितलं. लोखंड सकाळच्या उन्हातही गार होतं आणि खालचं लाकूड माझ्या वितीपेक्षा जाड. मग जिन्याने नगारखान्यावर चढा आणि तटावरून पूर्ण फेरी मारा. खालून जे निर्जीव चौथरे वाटतात त्यांचा वरून नकाशा होतो. सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं कुठे, दालनं कुठे, पाण्याच्या वाटा कुठून, सगळं नजरेत येतं. हे पाणी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी इथवर आणलेलं होतं. दक्षिणेकडे नारायण दरवाजा आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणरावांना मारलं, त्यांचं शव याच दरवाजातून बाहेर नेलं. तिथे आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मावसभाऊ लहानपणापासून 'काका मला वाचवा' ऐकत आला होता, पण म्हणाला, ते वय आत्ता कळतंय. अठरा वर्षांचा पोरगा.

मी तिकिटाचे माणशी २५ रुपये दिले. आदल्या दिवशी तेवीसशे देऊन जे दाखवलं नाही, ते पंचवीस रुपयांत मिळालं.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. रस्त्यावरून फक्त सज्जा दिसतो, तो दिसला की बघितलं असं समजू नका. सुरूच्या आकाराचे ते लाकडी खांब जवळून बघायला हवेत. तिथून तुळशीबाग आणि मंडई दोन पावलांवर. तुळशीबागेत राममंदिर बघून लगेच बाहेर पडा, रविवारी संध्याकाळी तर त्या बोळात शिरूच नका, पाठीवरच्या सॅकसकट माणूस अडकतो.

केळकर संग्रहालयाला गाडीवाल्याने अर्धा तास दिला होता. तीन तास लागतात. म्हणून आम्ही दुसऱ्यांदा तिकीट काढून गेलो. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने वीस हजारांवर वस्तू जमवल्या. त्यात तलवारी कमी आणि घरातल्या वस्तू जास्त: अडकित्ते, दिवे, वज्र्या, पानाचे डबे. मोर, पोपट, बायका अशा घाटाच्या अडकित्त्यांसमोरून मावसभावाला हलवायला मला दोनदा हाक मारावी लागली. कोथरूडहून आणून पुन्हा जोडलेला मस्तानी महाल इथेच आहे. पुण्यात एकच ठिकाण आतून बघायला वेळ असेल तर हे बघा, शनिवारवाडासुद्धा नंतर.

आगाखान पॅलेस नगर रस्त्याला, शांत, स्वच्छ, कसलाही त्रास नाही. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या तिथे आहेत. वनाज-रामवाडी मेट्रोने त्या बाजूला जाता येतं.

पर्वती शेवटची लिहितोय, पण तुम्ही सुरुवात तिथूनच करा, उजाडता उजाडता. पायऱ्या १०३. आकडा ऐकून हलकं घेऊ नका, त्या साध्या जिन्याच्या पायऱ्या नाहीत. रुंद, उतरत्या, दगडी, एकेका पायरीवर दीड-दोन पावलं पडतात आणि चालीची लयच लागत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी संग्रहालय उरकून दुपारी तीनला चढलो ही आमची चूक. अर्ध्यावर माझ्या पोटऱ्या भरून आल्या आणि दगड इतके तापलेले की टेकायला जागा मिळेना. गुळगुळीत तळव्याच्या चपला तर नकोतच, उतरताना घसरतात. पाणी खालूनच घेऊन चढा.

वर पोचल्यावर मात्र सगळं विसरलो. नानासाहेबांनी १७४९ मध्ये बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर, वारा, आणि खाली अख्खं पुणे. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ ला इथेच गेले. खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने इथूनच बघितली म्हणतात. त्या दिशेला आम्ही डोळे बारीक करून बघत राहिलो, नुसत्या इमारतीच इमारती होत्या.

परतीची हुतात्मा संध्याकाळी असते. त्याआधी सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. आम्ही बाहेरून ऐंशी रुपयांना कुलूप घेतलं. तुम्ही घरूनच आणा.