मुठीतल्या मुठीत

"तुझ्या मनात आवाज कुणाचा येतो गं?" हे मला कुणी ना कुणी विचारतंच. कागदावर लिहून पुढे सरकवतात आणि तोंडाकडे बघत बसतात. मी जन्मापासून बहिरी, आईबाबाही बहिरे, आमची भाषा हातांच्या खुणांची. आवाज येणार कुठून? हात येतात.

हात डोळ्यांसमोर दिसतात असंही नाही. आतून जाणवतात. तुम्ही तरी बोलताना स्वतःचे ओठ कुठे बघता?

बाहेर पडताना डाव्या हातात पिशवी असते आणि उजवा मांडीजवळ चालू: किल्ली, गॅस, फोन. खुणा इतक्या आटलेल्या, की बघणाऱ्याला वाटावं हिच्या बोटांना मुंग्या आल्यात. माणसांशी बोलताना माझ्या भुवया, गाल, खांदे सगळे कामाला लागतात. स्वतःशी बोलताना चेहरा कोरा. तुम्ही तोंडातल्या तोंडात पुटपुटता, मी मुठीतल्या मुठीत.

राग आला की मात्र मूठ उघडते. परवा लिफ्टमध्ये एकटीच होते, साहेबांना काय सुनवायचं याची आरशासमोर रंगीत तालीम चालली होती. दार उघडलं, समोर आमच्यातलाच एक सहकारी. शेवटचं वाक्य त्याने अख्खं वाचलं. ऐकू येणारा कुणी असता तर निभावलं असतं!

आकडे घोकतानाही हातच लागतो, आणि चुकते तीही हातानेच. ज्या दोन आकड्यांत एका बोटाचा फरक, नेमके तेच उलटसुलट. ही एकट्या माझी खोड नव्हे. 1975 साली छापून आलेल्या एका प्रयोगात बहिऱ्यांना खुणांची यादी लक्षात ठेवायला दिली होती. त्यांचा गोंधळ झाला तो करायला सारख्या असलेल्या खुणांत. 1997 मध्ये तर मेंदूची चित्रंच काढली. बहिरी माणसं मनातल्या मनात खुणा करत होती तेव्हा डाव्या बाजूचा, पुढचा तोच भाग जागा झाला, जो ऐकणाऱ्यांच्या मनातल्या बोलण्याला लागतो. वाचून मला उगाचच बरं वाटलं. म्हणजे माहीत होतंच, पण तरी.

आई झोपेत बोलते. एका रात्री मी शेजारी जागी होते. तिचा हात पांघरुणाबाहेर आला: थांब, थांब. मग माझ्या नावाची खूण. पुढचं अर्धवट, अस्पष्ट, पण जरा वाकले असते तर वाचता आलं असतं. मी तिचा हात पांघरुणात घेतला. आत तो चालूच होता.