तळीतला गवा आणि पोफळीतला गवा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्याला लागून आमचे वडिलोपार्जित कुळागर आहे. खाली झऱ्याच्या पाण्यावर पोफळी, माड, केळी आणि पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल, तर वर मोरडीवर, म्हणजे डोंगरउतारावर, काजू, अशी सत्तरीतील इतर बागायतींसारखीच त्याची मांडणी आहे. अभयारण्य १९९९ साली अधिसूचित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर आहे आणि त्याची हद्द नकाशावर नीट आखलेली आहे. गवे मात्र ती हद्द आखली जाण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या ओहळावर पाणी प्यायला येत आहेत. गवा गोव्याचा राज्यप्राणी आहे. तो आमच्याकडे येतो याचा मला अभिमान वाटतो, आणि म्हणूनच तो येतो हे सरकारी कागदावर मान्य व्हावे, असा माझा आग्रह आहे.

उन्हाळ्यात रानातले पाणवठे आटू लागले की कळप खाली उतरतो. एप्रिलमधल्या एका रात्री त्या कळपाने केळी आडव्या केल्या आणि नव्याने लावलेल्या पोफळीच्या रोपांचे शेंडे खाऊन टाकले. पोफळीला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की खालची पाने आणखी काही आठवडे हिरवी राहतात, पाहणाऱ्याला रोप जिवंत वाटते, पण ते पुन्हा फुटत नाही. रोप लावल्यापासून सुपारी धरायला पाच ते सात वर्षे लागतात, त्यामुळे हे नुकसान रोपवाटिकेतल्या रोपाच्या किमतीत मोजता येत नाही.

भरपाईसाठी मी एका कार्यालयात अर्ज केला. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा, कृषी कार्ड आणि छायाचित्रे जोडली. तिथे सांगण्यात आले की हे नुकसान वन्यप्राण्यानेच केले आहे, असा दाखला दुसऱ्या कार्यालयाकडून आणावा लागेल. दुसऱ्या कार्यालयातून पाहणीसाठी माणूस येईपर्यंत वळिवाचा पाऊस दोनदा पडून गेला होता आणि ओहळाकाठचे खूर अर्धे बुजले होते. ते गावातल्या म्हशींचे असू शकतात, असे त्याचे म्हणणे पडले. मी त्याला चिखलात उरलेला एक ठसा दाखवला. म्हशीचा खूर रुंद आणि फाकलेला उठतो; गव्याचा, त्याच्या प्रचंड देहाच्या मानाने, लहान, अरुंद आणि पुढे निमुळता असतो. इथे लहानपणापासून वावरलेल्या कोणालाही तो ओळखता येतो. त्या तरुणालाही तो ओळखता आला, असे मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटले, पण पाहणीच्या अहवालात ‘प्राणी निश्चित करता आला नाही’ असेच लिहिले गेले.

इथे कायद्याविषयी थोडे सांगायला हवे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि त्याची २०२२ सालची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. दुसऱ्या अनुसूचीतल्या रानडुकरासारख्या प्राण्याने उभ्या पिकाचे नुकसान केले, तर त्याच्या शिकारीची परवानगी देण्याची तरतूद तरी कायद्यात आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा होण्यापलीकडे जायबंदी वा आजारी असेल, तरच तशी परवानगी मिळू शकते. पिकाचे नुकसान हे तिथे कारणच होऊ शकत नाही. हे संरक्षण मला पूर्णपणे मान्य आहे. २०१६ साली गोव्यात गवा, माकड, रानडुक्कर आणि मोर यांना उपद्रवी ठरवण्याचा विचार पुढे आला, तेव्हाही तो मला पटला नव्हता. परंतु ज्या प्राण्याला हात लावायचा नाही, असे कायदा शेतकऱ्याला बजावतो, त्या प्राण्याने खाल्लेले शेतकऱ्याच्या एकट्याच्या खाती पडू नये, एवढे सरकारने पाहिलेच पाहिजे.

मे महिन्यात एके दिवशी सकाळी बागेत काम करणारा गडी धावत आला. “दादा, तळयेंत गव्याचें पाडूक पडलां!” आमची तळी चिऱ्यांनी बांधलेली आहे आणि तिची बाजू सरळ उभी आहे. पिल्लू पोहून थकले होते आणि समोरच्या मोरडीवर काजूंच्या आडून त्याची आई फुत्कारत होती. मी फोन केला. त्याच दुसऱ्या कार्यालयाची माणसे तासाभरात आली आणि त्यांनी जे काम केले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यांनी एका कोपऱ्यातले चिरे काढले, माती आणि झावळ्या टाकून उतार केला, सगळ्यांना मागे सरायला लावले आणि पिल्लू स्वतःच्या पायांनी वर येईपर्यंत कोणाला शब्दही बोलू दिला नाही. मग रीतसर पंचनामा झाला. त्यात प्राणी गवा असल्याचे लिहिले होते, सर्वे क्रमांक लिहिला होता आणि खाली सह्या होत्या.

काही आठवड्यांनी मला पत्र आले की या तळीवर गवे वारंवार येत असल्याने तिला कुंपण घालावे. ते पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला. मी ते आणि पंचनाम्याची प्रत भरपाईच्या अर्जाला जोडून पहिल्या कार्यालयात दिली. तिथल्या कारकुनांनी दोन्ही कागद शांतपणे वाचले आणि म्हणाले, “हा पंचनामा बचावाचा आहे, पिकाचा नाही. आणि यात पिल्लू लिहिलेले आहे. एवढी रोपे पिल्लू कसे खाईल?” मी त्यांना सांगितले की गव्याचे पिल्लू एकटे फिरत नाही, आणि तळी व पोफळी एकाच सर्वे क्रमांकात असून त्यांच्यामध्ये फक्त एक पाट आहे. ते म्हणाले की हे लेखी द्या. मी दिले. त्यावर दुसऱ्या कार्यालयाचा अभिप्राय मागवण्यात आला, आणि तिकडून उत्तर आले की पाहणीच्या दिवशी प्राणी निश्चित करता आला नव्हता.

म्हणजे एकाच सर्वे क्रमांकात, एकाच उन्हाळ्यात, पाटाच्या वरच्या बाजूला गवा आहे आणि खालच्या बाजूला तो नाही. दोन्ही कागदांवर शिक्का एकाच कार्यालयाचा आहे.

माझी मागणी साधी आहे आणि ती मी ग्रामसभेतही मांडली. बचाव, वावर आणि नुकसान यांची नोंद सर्वे क्रमांकानुसार एकाच वहीत व्हावी. पाहणी दोन दिवसांच्या आत, खूर शाबूत असताना व्हावी आणि दोन्ही कार्यालयांची माणसे एकत्र यावीत. शेजारच्या बागायतदारांनीही अर्जावर सह्या केल्या आहेत, कारण त्यांच्याही पोफळींचे शेंडे असेच गेले आहेत.

दरम्यान पोफळींच्या बाजूने मी सौर कुंपण घालत आहे. पावसाळ्यात तारेला गवत टेकले की विजेचा झटका उतरतो, म्हणून त्या पट्ट्यातले गवत सतत कापत राहावे लागेल, आणि ते मी करीन. तळीलाही पत्रात सांगितल्याप्रमाणे कुंपण घालीन. ओहळाकडे उतरणारी गव्यांची वाट मात्र मोकळी ठेवणार आहे. तसे नव्या अर्जात नकाशासह लिहून दिले आहे आणि येत्या उन्हाळ्यात कळप उतरेल तेव्हा दोन्ही कार्यालयांनी पाहणीला यावे, असे आमंत्रणही त्याच अर्जात दिले आहे.