गुऱ्हाळाची आग, कोर्ट आणि जन्मठेप: माझा अनुभव

करवीर तालुक्यातील आमच्या गुऱ्हाळघराला मध्यरात्री आग लावण्यात आली, तेव्हा आत माझी आई आणि गुळव्याचे कुटुंब झोपलेले होते आणि दाराला बाहेरून कडी घातलेली होती. मागच्या झरोक्यातून सगळे बाहेर पडले म्हणून वाचले. रचून ठेवलेले गुळाचे रवे मात्र वितळून ओट्यावरून वाहत गेले.

गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा, म्हणजे नवी भारतीय न्याय संहिता लागू होण्याआधीचा असल्याने भारतीय दंड संहितेचे कलम ४३६ लागले. घर किंवा माल साठवण्याची इमारत जाळण्याच्या या गुन्ह्याला जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कारावास, शिवाय दंड, अशी तरतूद आहे. मी नुकसानीच्या पावत्यांची जाड फाईल घेऊन कसबा बावड्यातील न्यायसंकुलात गेलो, तेव्हा सरकारी वकील म्हणाले, "दादा, नुकसान किती झालं ते मी मांडीनच, पण आत माणसं आहेत हे आरोपीला ठाऊक होतं का, खरा प्रश्न तो आहे."

बचाव पक्षाचे म्हणणे होते की चुलवाणातील ठिणगी चिपाडावर उडाली. त्या दिवशी ऊसच आला नव्हता आणि चुलवाण थंड होते, हे आईने उलटतपासणीत न डगमगता सांगितले. त्याहून मोलाची ठरली ती कडी. दार जळून कोसळले होते, पण कडी कोयंड्यात अडकलेल्या अवस्थेतच जळक्या फळीसह राखेत सापडली आणि पंचांनी ती तशीच मोहोरबंद केली होती. उंबऱ्याखालची माती हवाबंद डब्यात गेल्यामुळे तपासणीत पेट्रोलचा अंशही मिळाला. आम्ही सकाळी झाडलोट करायला निघालो होतो, तेव्हा तपास अधिकाऱ्यांनी अडवले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आरोपीला जाळपोळीच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झाली होती, हे मला सुरुवातीपासून माहीत होते, तरी साक्षीत तो विषय काढायचा नाही अशी सक्त सूचना मला होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३६ नुसार, पूर्वीच्या शिक्षेचा आरोप ठेवलेला असेल तर दोष सिद्ध होईपर्यंत तिचा उल्लेख करता येत नाही. तेव्हा मला हे अन्यायाचे वाटले होते. आज वाटत नाही, कारण आमचा खटला आमच्याच पुराव्यावर उभा राहिला.

दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी झाली. बचाव पक्षाने त्याचे वय, वृद्ध आईवडील आणि सुधारण्याची शक्यता मांडली. न्यायाधीशांनी ते शांतपणे ऐकून घेतले. निकालात मात्र झोपलेली माणसे, बाहेरून घातलेली कडी आणि पूर्वीची शिक्षा, या तिन्हींचा एकत्रित विचार करून जन्मठेप देण्यात आली.

गावात लगेच "म्हणजे १४ वर्षं" असा हिशेब सुरू झाला. तो चुकीचा आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले आहे. १४ वर्षांपूर्वी सुटका नाही ही अट, ज्या गुन्ह्यांना फाशीचीही तरतूद आहे त्यांना लागू होते. कलम ४३६ ला नाही. त्यामुळे शिक्षेत सूट देण्याचा शासनाचा अधिकार आमच्या प्रकरणात त्या अटीने बांधलेला नाही, आणि हे कळल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. शिवाय शिक्षा कमी झाली असती, तर ती वाढवून मागण्याचे अपील शासनाने करायचे असते. पीडिताला तो हक्क नाही.

आता आरोपीचे अपील उच्च न्यायालयात आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात त्याचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्यामुळे मुंबईची फेरी वाचली आहे, आणि पुढच्या तारखेला आई स्वतः येणार आहे.