हयातीचा दाखला आणि ६.८१ लाख कोटी

नोव्हेंबर लागला की आमच्या बिल्डिंगमधले सुभेदार काका मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात, हयातीचा दाखला काढायला. पूर्वी बँकेत रांग लावायचे, आता ॲपला चेहरा दाखवला की काम होतं, अडचण एकच, ॲप म्हणतं डोळ्यांची उघडझाप करा, आणि काका पडले मराठा लाइट इन्फंट्रीचे, कॅमेरा समोर आला की जे सावधान होतात ते पापणीसुद्धा हलत नाही. दोनदा फेल गेलं, तिसऱ्यांदा मी म्हटलं काका, विश्राम! तेव्हा कुठे झालं.

मग चहा घेताना त्यांनी खरा विषय काढला. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा पुतण्याने त्यांना डिफेन्सचे शेअर घ्यायला लावले होते, थोडेसेच, पण तेव्हापासून ते तिथल्या तिथेच घुटमळतायत. "आरं, सरकार एवढं पैसं वततंय, रोज पेपरात हजारो कोटींची मंजुरी येतीया, मग ह्ये का हालंना?"

प्रश्न एकदम बरोबर आहे राव. आणि त्याचं अर्धं उत्तर काकांच्या हातातल्या मोबाइलमध्येच होतं.

बघा, २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षण खात्याला मिळाले ६.८१ लाख कोटी, आधीच्या वर्षीच्या बजेटपेक्षा साडेनऊ टक्के जास्त, केंद्राच्या एकूण बजेटच्या १३.४५ टक्के. एक फेब्रुवारीला टीव्हीवर हा आकडा लाल पट्टीत फिरतो आणि लोकांना वाटतं चला, आता विमानं, तोफा, पाणबुड्या. पण ह्यातले १.६१ लाख कोटी जातात पेन्शनला. साधारण ३४ लाख पेन्शनर आहेत, त्यातलेच एक आमचे काका. पगार आणि भत्ते जवळपास १.९७ लाख कोटी. म्हणजे शंभरातले बावन्न-त्रेपन्न रुपये माणसांवर गेले, आणि ते जायलाच पाहिजेत, सियाचीनला उभा राहिलेल्या माणसाचं पेन्शन कापून तोफ घ्या असं कोणी म्हणत असेल तर त्याने आधी काकांसमोर येऊन म्हणावं. उरलेल्यातून डिझेल, दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्त्या हे रोजचं चालवायचं. ज्याला आपण खरेदी म्हणतो ते बसतं कॅपिटलमध्ये, म्हणजे भांडवली खर्चात, ते १.८० लाख कोटी, आणि त्यातूनही रिसर्च, बांधकाम वगैरे वजा केलं की सैन्याच्या आधुनिकीकरणाला राहतात १.४९ लाख कोटी.

आणि हे १.४९ सुद्धा नव्या खरेदीला मोकळे नसतात बरं का. आधी सह्या झालेल्या करारांचे हप्ते ह्यातूनच जातात. घराचा ईएमआय भरून झाल्यावर पगारातलं जे राहतं ना, तसं.

आता काकांच्या दुसऱ्या मुद्द्यावर येतो, रोजची मंजुरी. माझ्या मते सगळ्यात जास्त गंडतो आपण इथे. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली डीएसी नावाची समिती बसते, ती जे देते त्याला म्हणतात एओएन, म्हणजे अमुक वस्तूची गरज आहे हे आम्हाला मान्य आहे. बस्स, एवढंच. त्याच्यानंतर टेंडर निघणार, कंपन्या बोली लावणार, कागदावर तांत्रिक तपासणी, मग वाळवंटात नाहीतर बर्फात चाचण्या, मग भावावरून घासाघीस, मोठं प्रकरण असेल तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची कॅबिनेट समिती, आणि मग सही. पेपरवाले मात्र पहिल्याच पायरीला "७९ हजार कोटींची खरेदी" म्हणून मोकळे होतात. २०२५ च्या जुलैत १.०५ लाख कोटी, ऑगस्टमध्ये ६७ हजार कोटी, ऑक्टोबरमध्ये ७९ हजार कोटी, तीन बैठकांचेच झाले अडीच लाख कोटी! आणि वर्षभरासाठी पाकिटात किती, तर १.४९ लाख कोटी, तेही जुने हप्ते धरून. हिशोब तुम्हीच लावा.

शेअर मात्र एओएनच्या दिवशीच उडतो. लग्नाची बोलणी सुरू झाली की बारशाचे पेढे वाटायचे, तसला प्रकार.

मधे कितीही काळ जाऊ शकतो. १२६ लढाऊ विमानांचं टेंडर २००७ ला निघालं, २०१५ मध्ये ते गुंडाळलं, आणि २०१६ मध्ये सरकारांच्या पातळीवर करार होऊन ३६ राफेल आली. एटीएजीएस ही आपली १५५ मिलिमीटरची तोफ, डीआरडीओने, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेने, पुण्यातल्या पाषाणच्या लॅबमधून काम सुरू केलं २०१३ च्या सुमारास, आणि ३०७ तोफांचा करार झाला मार्च २०२५ मध्ये, भारत फोर्ज आणि टाटा दोघांत वाटून. तोफ चांगली आहे, प्रश्नच नाही. पण बारा वर्षं म्हणजे त्या वर्षी जन्मलेलं पोर सहावी-सातवीत गेलं.

बरं, सही झाली म्हणजे तरी माल आला का? तेजस ह्या आपल्या लढाऊ विमानाचं बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए ची ऑर्डर एचएएल ह्या सरकारी विमान कंपनीला मिळाली, जवळपास ४७ हजार कोटींची. पहिलं विमान मार्च २०२४ मध्ये द्यायचं होतं. इंजिन अमेरिकेच्या जीईचं, एफ-४०४, त्यांची ह्या मॉडेलची लाइन काही वर्षं बंद पडलेली, ती परत चालू करून पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये, विमानाची तारीख उलटून वर्ष झाल्यावर. आणि ह्या सगळ्यात सप्टेंबर २०२५ मध्ये एका पाठोपाठ एक दोन गोष्टी झाल्या, २५ तारखेला आणखी ९७ तेजसचा ६२ हजार कोटींचा करार, आणि २६ तारखेला चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, ४२, हातात राहिल्या २९. त्याआधी मे २०२५ मध्ये दिल्लीतल्या एका उद्योग परिषदेत हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग सरळ बोलले होते की वेळेत पूर्ण झालेला एक प्रोजेक्ट आपल्याला आठवत नाही. गणवेशातला माणूस जाहीरपणे असं बोलतो म्हणजे किती साचलं असेल.

तरी मी निराशावादी नाहीये. नाशिकजवळ ओझरला, एचएएलच्या कारखान्यातून, १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिक लाइनवरचं पहिलं तेजस मार्क-१ए उडलं ना, तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. ज्या कारखान्यात मिग-२१ बनायची, नंतर सुखोई बनली, तिथूनच आता हे. नाशिकहून वर्षाला आठ आणि बंगळुरूहून सोळा अशी क्षमता सांगतात. म्हणजे कारखाना तयार आहे, माणसं तयार आहेत, घोडं अडलंय ते इंजिनापाशी.

एक्सपोर्टचंही तसंच, चित्र चांगलं आहे पण नीट बघायला पाहिजे. २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी होतं, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी, त्यातले १५ हजार कोटींच्या वर प्रायव्हेट कंपन्यांचे. फिलिपिन्सला ब्रह्मोस क्षेपणास्त्र गेलं, आर्मेनियाला पिनाका ही रॉकेट यंत्रणा गेली, हे फोटोत येतं. पण ह्यात मोठा वाटा सुट्या भागांचा आहे, हैदराबादला अपाची हेलिकॉप्टरचे सांगाडे बनून अमेरिकेला जातात ते पण ह्यातच. ह्यात कमीपणा काही नाही, उलट मला तर हाच धंदा जास्त टिकाऊ वाटतो, क्षेपणास्त्र एकदा विकलं जातं, सांगाडे दर महिन्याला लागतात. २०२९ पर्यंत ५० हजार कोटींचं टार्गेट आहे, बघू.

सगळ्यात बोलका आकडा मला वेगळाच वाटतो आणि त्याकडे कोणी बघत नाही. २०२४-२५ ला कॅपिटलमध्ये ठेवले होते १.७२ लाख कोटी, वर्षाच्या शेवटी सुधारित अंदाजात ते झाले १.५९ लाख कोटी. म्हणजे ताटात वाढलेलं संपलं नाही, बारा-साडेबारा हजार कोटी उरले. आपल्याकडे टीव्हीवर भांडण चालतं जीडीपीच्या दोन टक्के पुरेत का तीन पाहिजेत (२०२५-२६ मध्ये दोनच्या जरा खालीच होते), आणि इथे आहे तेच वेळेत खर्च होत नाहीये. आता बजेट आलं की मी नवा मोठा आकडा नंतर बघणार, आधी सरत्या वर्षाचे कॅपिटलचे पैसे सुधारित अंदाजात किती राहिले ते बघणार. आणि वर्षभरात इंजिनं किती उतरली ते.

हे सगळं काकांना सांगितलं, अर्थात एवढं लांबड लावून नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं, बशीतला चहा संपवला.

"म्हंजी ठेवू का इकू?"

म्हटलं काका, मी काय सेबीचा माणूस नाही, तो सल्ला मी देत नसतो.

"मग ऱ्हाऊ दे त्ये," काका म्हणाले, "आधी माझा दाखला दिल्लीला पोचला का त्येवढं बघ."

बघितलं. पोचला होता.