शोकेस उघडली आणि रविवार गेला

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

बोटांना अजून ग्लूचे पापुद्रे आहेत आणि मान आखडलीय, पण आत्ताच लिहितो, उद्या ऑफिसात गेलो की सगळं डोक्यातून जाईल.

पावसाळा संपला की माझ्या छोट्या मॉडेल गाड्यांची शोकेस रिकामी करायची हा माझा नेम. यंदा आईनेच टुमणं लावलं होतं, "तुझ्या त्या गाड्या तूच पूस रे बाबा, मागच्या वेळी माझ्या हातून आरसा तुटला तर आठ दिवस तोंड पाडून बसला होतास." खरंय. अर्ध्या तांदळाएवढा साइड मिरर होता, केरात गेला.

तर एकेक काढत होतो आणि वरच्या कप्प्यातली १:१८ ची (म्हणजे खऱ्या गाडीच्या लांबीच्या अठराव्या हिश्शाएवढी) लाल गाडी उचलेना! टायर चक्क खालच्या प्लास्टिक बेसला चिकटलेले. जोर न लावता हळूहळू हलवत सोडवली, तर बेसवर टायरचे चार खड्डे, नक्षीसकट, ओल्या सिमेंटवरून कुत्रं गेल्यासारखे. टायर मऊ राहावेत म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात ते वर्षानुवर्षं पाझरत राहतं आणि बेसचं प्लास्टिक विरघळवतं, हे वाचलं होतं, पण आपल्या घरी होईल असं कुणाला वाटतं. आता सगळ्यांच्या चाकांखाली दुधाच्या पिशवीचे तुकडे कापून घातलेत. पिशवीच्या प्लास्टिकला ते रसायन काही करत नाही. दिसतं भिकार, पण असू दे.

खरा घोळ पुढे. माझी लाडकी पद्मिनी. १:४३ ची, म्हणजे जेमतेम ९ सेंटीमीटर, काळी बॉडी पिवळं छप्पर, मुंबईची टॅक्सी. खरी गाडी आपल्या कुर्ल्यात बनायची, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला रस्त्यावरून गेली तेव्हापासून ही शोकेसमध्ये पुढच्या रांगेत आहे. तिची पुढची काच सुटली होती. तळाचं रिव्हेट, म्हणजे बॉडी आणि तळ जोडणारी खिळी, ड्रिलने अगदी हलकं उडवलं (नंतर तिथे बारका स्क्रू बसतो, ही युक्ती येईपर्यंत मी दोन गाड्या वाया घालवल्यात), बॉडी वेगळी केली, काच बसवली आणि घाईत सुपरग्लूचा थेंब टाकला. वीस वर्षं हा नाद करून! दहा मिनिटांनी बघतो तर काचेवर पांढरं धुकं. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ बाहेर पडते आणि पारदर्शक प्लास्टिकवर जाऊन बसते, म्हणून काचेला साधा फेव्हिकॉल लावायचा, तो सुकला की दिसत नाही. मला माहीत होतं, चारचौघांना सांगतोही.

मग काय, काच परत उचकटली, टूथपेस्ट आणि बनियनचा तुकडा घेऊन दीड तास घासत बसलो. बोटाच्या टोकाएवढी ती काच, चिमटीत धरली की दिसेनाशी होते, दोनदा उडाली आणि दोन्ही वेळा मी फरशीवर रांगत शोधली. बायको दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

एक मित्र म्हणतो तू बॉक्स उघडतोसच कशाला, त्याच्याकडे हॉट व्हील्सच्या भिंतभर गाड्या आहेत आणि एकीचंही प्लास्टिकचं पॅकिंग फाडलेलं नाही. किंमत टिकते म्हणे. टिकत असेल, पण मला ते मिठाईच्या दुकानाबाहेर उभं राहण्यासारखं वाटतं. ती बॉडी वेगळी केली तेव्हाच मला आतली स्टिअरिंगला लागून असलेली गियरची दांडी नीट दिसली, टाचणीएवढी, बनवणारा ती विसरला नाही. पॅक गाडीत हे कसं दिसणार?

धुकं बरंचसं गेलं, ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा मात्र धुरकटच राहिला. आईला दाखवली. तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "पावसातली टॅक्सी वाटते. वायपर चालू कर."

तशीच ठेवलीय पुढच्या रांगेत. लाल गाडीचा बेस अजून टेबलावरच आहे, खड्डे भरायचे की तसेच ठेवायचे ते पुढच्या रविवारी बघतो.