बसलेली लावणी

कॅसेटच्या डबीत घालायच्या छापील कव्हराचा, म्हणजे इनले कार्डाचा, दर्शनी भाग साधारण चार इंच उंच आणि अडीच इंच रुंद असायचा. बाजूला अर्ध्या इंचाचा कणा. एवढ्या जागेत देव, गायक, कंपनीचा छाप, कॅसेटचं नाव आणि ‘स्टिरिओ’ हा शब्द बसवायचा, हे काम मी नव्वदच्या दशकात मुंबईत करत होतो. जे. जे.तून उपयोजित कला शिकून बाहेर पडलेल्या पोरांना तेव्हा जाहिरात एजन्सीत जायचं असायचं. मला खोलीचं भाडं भरायचं होतं. एका छोट्या मराठी कॅसेट कंपनीच्या कचेरीत खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि मी तिथेच रमलो.

शेठ शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण धंद्यातलं त्यांचं गणित पक्कं होतं. ते म्हणायचे, आपलं गिऱ्हाईक एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलसमोर उभं असतं, गाडी सुटायला आलेली असते, आणि कॅसेटी त्याच्यापासून दोन हात लांब लटकत असतात. अक्षर वाचण्याआधी त्याला कळलं पाहिजे की ही आरती आहे, कोळीगीत आहे की कव्वालीचा मुकाबला. त्यामुळे प्रत्येकाचा साचा ठरलेला. भक्तिगीत असलं की देव मोठा, मागे भगवी किरणं, गायक खालच्या कोपऱ्यात पासपोर्टएवढा. भावगीताला फिकट निळा-जांभळा रंग, एखादं तळं, गायकाच्या खांद्यावर शाल. मुकाबल्यात एक गायक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये कडाडती वीज. नाट्यगीतांना तपकिरी छटेतला जुना फोटो. बालगीतांना ससा. भीमगीतांच्या कव्हरवर निळं आकाश आणि बाबासाहेब. तिथे गायक कितीही लहान झाला तरी कधी तक्रार आली नाही. उलट एका गायकाने माझ्याकडून स्वतःचा फोटो खाली घेववला होता, ‘साहेबांच्या खांद्याच्या वर माझं डोकं नको’ म्हणून.

आणि लावणी म्हणजे नाचणारी बाई. हिरवी किंवा लाल नऊवारी, एक हात कमरेवर, एक हवेत, मान वळवून बघणारी. शेठकडे अशा ट्रान्सपरन्सींची, म्हणजे रंगीत पारदर्शक फिल्मवरच्या फोटोंची, एक फाइलच होती, कॅलेंडरवाल्या एका फोटोग्राफरकडून ठोक भावात घेतलेली. त्यातली एक मुलगी लावणीच्या कॅसेटवर नाचायची आणि कोळीगीतांच्या कॅसेटवर डोक्यावर माशांची पाटी घेऊन उभी असायची. गिऱ्हाइकांनी कधी विचारलं नाही. लोकांना त्याची सवय सिनेमानेच लावून ठेवली होती. सुलोचना चव्हाणांनी आयुष्यभर डोक्यावर पदर घेऊन लावण्या गायल्या. पडद्यावर नाचणारी दुसरीच असायची. आवाज एकीचा, अंग दुसरीचं, हे लावणीत कुणाला खटकतच नसे.

चैत्रातल्या जत्रांसाठी माल तयार करायचे ते दिवस होते. एका संगीत बारीतल्या, म्हणजे लावणी गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या पार्टीतल्या, जुन्या गायिकेची कॅसेट रेकॉर्ड होऊन पडली होती. पन्नाशी ओलांडलेल्या, साताऱ्याकडच्या. मी आवाज ऐकला नव्हता. कॅसेट ऐकून कव्हर करावं एवढी सवड तिथे नसायचीच. नाव हातात आलं, फाइलमधून हिरव्या साडीवाली काढली, मागे पिवळा-लाल स्फोट, वर वेलबुट्टीची अक्षरं ब्रशने रंगवली. बोर्डावर ब्रोमाइड (फोटोच्या कागदावरच्या प्रती) चिकटवून, वर बटर पेपर घालून आर्टवर्क तयार होतं. दुपारी पॉझिटिव्ह, म्हणजे छपाईच्या फिल्मा, काढायला जायचं होतं.

त्या सकाळी बाई पेटीवाल्या मास्तरांना घेऊन उरलेले पैसे न्यायला आल्या. शेठ फोनवर होते. बाई माझ्या टेबलापाशी आल्या, बटर पेपर उचलला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“ही कोण?”

“मॉडेल आहे, बाई.”

“नाव काय हिचं?”

मला माहीत नव्हतं. ट्रान्सपरन्सीच्या पाकिटावर नुसता नंबर होता. शेठनाही ठाऊक नव्हतं.

“छान आहे पोरगी,” बाई म्हणाल्या. “पण ही उभी आहे, पेंटर. माझी लावणी बसलेली आहे.”

मला वाटलं, बाईंना स्वतःचा फोटो हवाय, म्हणून त्या बोलण्याला असा वळसा घालतायत. शेठनाही तेच वाटलं. त्यांनी फोन ठेवून नेहमीचं सुरू केलं. ‘बाई, व्यापारी पहिला प्रश्न विचारतो, कव्हरवर कोण आहे. तुमचा आवाज आत आहे, तो आम्ही कुठे काढून घेतोय? कोपऱ्यात तुमचाही फोटो टाकू.’ बाईंनी वाद घातला नाही. मास्तरांना म्हणाल्या, “पेटी काढा.” मी पोस्टर कलर सांडू नये म्हणून जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रांवर त्या मांडी घालून बसल्या, पदर सारखा केला आणि गायला लागल्या.

बैठकीची लावणी मी तोवर पाहिली नव्हती. शहरात वाढलेल्या माझ्या पिढीने लावणी पाहिली ती सिनेमात, नाहीतर गणपतीच्या मंडपात ढोलकीच्या कडकडाटात. यमुनाबाई वाईकरांचं नाव ऐकून होतो. त्यांना पद्मश्री मिळाली ती थेट 2012 मध्ये. बैठकीत पाय हलतच नाहीत. सगळं चालतं ते चेहऱ्यावर, मानेवर, बोटांवर. बाई एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा येत होत्या. शब्द तेच, चाल जवळपास तीच. पहिल्यांदा त्या ओळीत रुसवा होता. मग पदराचा काठ दोन बोटांत धरून नुसती भुवई उचलली आणि तोच रुसवा थट्टा झाला. पुढच्या खेपेला नजर दारापर्यंत जाऊन रिकामीच परत आली. दारात खरंच कॅसेटचे खोके घेऊन हमाल उभा होता आणि तो गडबडून बाजूला सरकला. शेजारच्या खोलीतला हिशेबनीसही येऊन उभा राहिला.

गाणं संपल्यावर बाई शेठना म्हणाल्या, “तुमची ही कॅसेट घेणारा माणूस नाच बघायला येईल आणि त्याला हे मिळेल. तो शिव्या कुणाला देईल? मलाच की.”

या मुद्द्याला उत्तर नव्हतं, कारण तो धंद्याचा होता. शेठनी कपाळावर हात मारला आणि मला म्हणाले, “जा, खालच्या स्टुडिओत फोटो काढून आण. ट्रान्सपरन्सी रोल वापर. पण सांगून ठेवतो, मी ठरवलेलं नाही अजून.”

खालचा स्टुडिओ लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढणारा. मागे रंगवलेला पडदा होता बर्फाच्या डोंगरांचा, पायथ्याशी लाल छपराचं घर. बाईंना त्याच्यासमोर बसवलं तर काय दिसलं असतं, सांगायला नको. आम्ही पडदा उलटा टांगला. मागची बाजू मळकट करड्या रंगाची होती आणि तीच बरी निघाली. स्टुडिओवाला सवयीने म्हणाला, “हनुवटी वर, बाई. हसा थोडं.” बाई ओशाळून हसल्या आणि चेहरा एकदम दगडासारखा झाला. मग मास्तरांना पेटी धरायला लावली. पण गाताना काढलेल्या फोटोत तोंड उघडं येतं, माणूस ओरडतोय असं वाटतं. बाईंनीच तोड काढली. म्हणाल्या, “मी समेवर येऊन थांबते, तेव्हा दाबा.” समेनंतर आवाज थांबलेला असतो, पण नजर अजून काम करत असते. त्या तेवढ्या क्षणावर स्टुडिओवाल्याने बटण दाबायचं. पहिल्या काही फ्रेम हुकल्या. नंतर त्यालाही ताल सापडला आणि तो मान डोलवायला लागला.

खरी अडचण पुढे होती. कॅसेटचं कार्ड उभं असतं. नाचणारी बाई त्यात उभीच्या उभी बसते, हात वर गेला तरी जागा असते. मांडी घालून बसलेलं माणूस म्हणजे खाली रुंद, वर निमुळतं. कार्डाचा वरचा अर्धा भाग ओसाड. नुसता चेहरा मोठा करावा तर तो पासपोर्ट फोटो वाटतो आणि स्टॉलवरच्या माणसाला ते भजन वाटेल. शेवटी मी चेहरा आणि पदराचा काठ धरलेली दोन बोटं एवढंच ठेवलं, खांद्यापासून खालचं सगळं कापलं. रिकाम्या भागात कॅसेटचं नाव घेतलं. वेलबुट्टी काढून टाकली. मागचा स्फोटही गेला. तिथे गडद मरून रंग, आणि चहूबाजूंनी बाईंच्याच साडीच्या काठासारखी चौकट. ‘बैठकीची’ हा शब्द नावाएवढाच मोठा.

शेठ म्हणाले, “हे शोकसभेचं निमंत्रण वाटतंय.”

मग प्रेसवाल्याने मार्ग काढला. एका शीटवर अनेक कार्डं छापली जातात, आणि ती सगळी सारखीच असली पाहिजेत असं काही नाही. अर्ध्या शीटवर हिरवी नाचणारी, अर्ध्यावर मरून बसलेली. छपाईचा खर्च तोच, फक्त पॉझिटिव्ह जास्तीचे. शेठनी नाचणारी सगळ्या व्यापाऱ्यांना पाठवली. बसलेली पुण्यातल्या दोन-चार दुकानांत ठेवली आणि उरलेली बाईंना कार्यक्रमात विकायला दिली.

नाचणारी जास्त खपली, हे सांगून टाकतो. जत्रेत तर हातोहात गेली. पण तिच्यातल्या काही व्यापाऱ्यांकडून परत आल्या, ‘आत नाचाची गाणी नाहीत’ असं चिठ्ठीवर लिहून. पुण्याच्या दुकानांतून एकही परत आली नाही. तिथे ती रांगतच राहिली, पण वर्षभर रांगत राहिली. शेठनी यातून एवढाच निष्कर्ष काढला की पुण्याच्या लोकांकडे वेळ भरपूर आहे. मला मात्र त्या चिठ्ठ्या महत्त्वाच्या वाटल्या. कव्हर पाहून माणूस आत काय असेल हे मनाशी ठरवून बसतो, आणि मग ते न मिळाल्याचा राग गायकावर काढतो. कव्हर कुणी केलं हे त्याला कुठे माहीत असतं? आमचं नाव कार्डावर नसायचंच.

पुढे बऱ्याच वर्षांनी जॅझवाल्या एका मित्राकडे माइल्स डेव्हिसची गोष्ट कळली. 1957 मध्ये कोलंबिया कंपनीने त्याची ‘माइल्स अहेड’ बाजारात आणली, तेव्हा कव्हरवर शिडाच्या होडीत बसलेली गोरी मॉडेल होती. तो भडकला आणि नंतरच्या आवृत्तीत ते बदलून ट्रम्पेट वाजवणारा तो स्वतः आला. 1961 च्या एका रेकॉर्डवर तर त्याने आपल्या बायकोचा, फ्रान्सेस टेलरचा फोटो घेतला. मित्राला वाटलं, मी त्या रेकॉर्डवर खूश झालोय. मी मनात साताऱ्याकडच्या बाईंना ट्रम्पेट देऊन बघत होतो.

व्हीसीडीचा जमाना आला तेव्हा शेठनी बाईंना पुन्हा बोलावलं. आता गाणं दिसायलाच हवं होतं. मला कव्हरसोबत सेटही बघायला सांगितलं. गाद्या, तक्के, समया, पानदान असा थाट केला. कॅमेरामन लग्नं आणि लावणी महोत्सव शूट करून आलेला. त्याने पहिल्याच शॉटला कॅमेरा पायांवर लावला आणि घुंगरांची वाट बघत बसला. बाईंचे पाय मांडीखाली. दिग्दर्शक अजिजीने म्हणाला, निदान शेवटच्या कडव्याला तरी उभ्या राहा. बाई म्हणाल्या, “उभी राहीन. पण मग गाणार नाही.” बैठकीचे तीन कॅमेरा कोन असतात आणि तिन्ही चेहऱ्याचेच, हे त्याला पटायला दुपार झाली. तरी कंपनीला नाच हवाच होता. तेव्हा ठरलं की मधल्या तुकड्यांवर एक नाचणारी मुलगी दाखवायची, वेगळी शूट करून.

संकलनाच्या वेळी बाई आल्या. मला धाकधूक होती. त्या मुलीचा तुकडा आला तेव्हा बाई खुर्चीत पुढे सरकल्या आणि तो परत लावायला लावला.

“ही चांगली नाचते. हिला कुणी शिकवलं?”

कुणाला माहीत नव्हतं. बाईंनी तिथूनच तिचा पत्ता काढवला. बारीत उभ्या लावणीला त्यांना एक मुलगी हवीच होती. आणि शेठना म्हणाल्या, “हिचंही नाव टाका कव्हरवर.”

“नाव टाकलं की उद्या पैसे वाढवून मागेल,” शेठ म्हणाले.

“मागू दे की. मी नाही का मागत?”

मी कव्हरच्या मागच्या बाजूला, गाण्यांच्या यादीखाली, ‘नृत्य’ असं लिहून तिचं नाव टाकलं. मास्तरांचंही राहिलं होतं, ते आठवून पेटीसमोर लिहिलं. मग तबलजींनी विचारलं, आमचं कुठाय. अक्षर दोन पॉइंटांनी लहान करून सगळ्यांना जागा केली.